ब्रुसेल्समधलं सेंद्रिय शेतीचं छप्पर: नऊ वर्षांच्या वापरानंतरचा रिव्ह्यू

गेल्या हिवाळ्यात बडीशेपेचा एक लॉट आमच्या गोडाऊनमध्ये सात आठवडे अडकून पडला होता. लॅबच्या रिपोर्टमध्ये एका कीटकनाशकाचा अंश सापडला, किलोला ०.०२ मिलिग्रॅम. म्हणजे अख्ख्या एक टन बडीशेपेत मिळून वीस मिलिग्रॅम, बोटाच्या टोकावर सहज मावेल एवढा. मी जर्मनीत मसाले आणि चहा पॅक करणाऱ्या एका छोट्या ऑरगॅनिक कंपनीत सर्टिफिकेशनचं काम बघते, नऊ वर्षं झाली, आणि असा रिपोर्ट आला की पोटात गोळा येतो तो अजूनही येतो. लॉट बाजूला काढला, कंट्रोल बॉडीला, म्हणजे तपासून सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेला, कळवलं, मग चौकशी सुरू झाली. शेताच्या बांधापासून पोती, ट्रक, साफ करायचं मशीन, सगळं. शेवटी निघालं की शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने उडून आली होती, शेतकऱ्याने दोन शेतांमध्ये अंतर म्हणून बफर पट्टा ठेवला होता पण त्या दिवशी वाराच तसा होता. त्याची चूक नव्हती, कागद व्यवस्थित होते, लॉट ऑरगॅनिक म्हणूनच सुटला.

हा लॉट सुटला तो कायद्यात तशी सोय आहे म्हणून. आणि ती सोय कायद्यात टिकली त्यात एका संघटनेचा मोठा वाटा आहे जिचं नाव ग्राहकाला सोडाच, बऱ्याच शेतकऱ्यांनाही माहीत नसतं. आयफोम ऑरगॅनिक्स युरोप. आमची कंपनी इथल्या एका संघटनेची मेंबर, ती संघटना पुढे या शिखर संस्थेची मेंबर, म्हणजे आमच्या वर्गणीतला काही भाग तिकडे पोचतो, तिचं काम मी रोज वापरते, म्हणून रिव्ह्यू लिहायचा मला हक्क आहे असं मी समजते.

आधी ही काय भानगड आहे ते सांगते. आयफोम ही सेंद्रिय शेती चळवळीची जागतिक संस्था १९७२ साली फ्रान्समध्ये व्हर्सायला सुरू झाली, नेचर ए प्रोग्रे या फ्रेंच संघटनेने बाकीच्यांना बोलावलं आणि ब्रिटन, स्वीडन, दक्षिण आफ्रिका, अमेरिका इथल्या चार संघटना आल्या, एवढ्या पाचजणांची ती सुरुवात. युरोपची शाखा बरीच नंतरची. ती ब्रुसेल्समध्ये बसते, कारण युरोपियन युनियनचे शेतीचे कायदे तिथे होतात, आणि गेली वीसहून जास्त वर्षं तिचं मुख्य काम एकच आहे, सेंद्रिय शेतीच्या वतीने त्या टेबलावर बोलणं. सदस्य साधारण २००, देश ३४, नुसते युनियनमधलेच नाहीत तर स्वित्झर्लंड, नॉर्वे, ब्रिटनसुद्धा. सदस्य म्हणजे कोण, तर शेतकऱ्यांच्या संघटना, प्रक्रिया करणारे, व्यापारी, सर्टिफिकेशनवाले, संशोधन संस्था. २०१८ साली बायोलांड या जर्मन शेतकरी संघटनेचे यान प्लागे तिचे अध्यक्ष झाले.

मराठीत आपण अशा संस्थेला शिखर संस्था म्हणतो. जर्मनमध्ये शब्द आहे दाखफरबांट, दाख म्हणजे छप्पर. मला छप्पर जास्त पटतं. शिखर खालून बघायचं असतं, छपराखाली राहायचं असतं, आणि ते गळतंय का हे खाली राहणाऱ्यालाच कळतं.

आता मुद्द्याचं. सेंद्रिय शेतीच्या वतीने बोलणं हे ऐकायला सोपं वाटतं पण या छपराखाली कोण कोण राहतं ते बघा. दहा गायी सांभाळणारा डोंगरातला शेतकरी आणि सुपरमार्केटला माल देणारा मोठा प्रोसेसर यांचं भांडण भावावरून असतं. सर्टिफिकेशनवाल्याला कडक नियम हवे असतात, कारण सही त्याची असते, आणि शेतकऱ्याला कागद कमी हवे असतात. डेन्मार्कचा ग्रीनहाऊसवाला आणि इटलीचा भाजीवाला तर माती या शब्दावरच एकमेकांशी वाद घालतील, की बेडमध्ये मातीसारखं काहीतरी भरून वाढवलेला टोमॅटो सेंद्रिय म्हणायचा की नाही. हे सगळे आधी आपापल्या देशात भांडतात, मग देशांचे प्रतिनिधी असलेल्या कौन्सिलमध्ये, शिवाय शेतकरी, प्रोसेसर आणि ट्रेडर, सर्टिफायर यांचे वेगवेगळे इंटरेस्ट ग्रुप आहेत तिथे, आणि या सगळ्यातून गाळून जे उरतं ते कायद्यांचे मसुदे आणणाऱ्या युरोपियन कमिशनच्या पुढ्यात एक कागद म्हणून जातं. तो कागद वाचला की कधीकधी गुळमुळीत वाटतो. मलाही सुरुवातीला वाटायचा. पण समोर कमिशन, पार्लमेंट आणि सत्तावीस देशांची सरकारं असताना आपण पाच तोंडांनी पाच गोष्टी बोललो तर कुणीच ऐकत नाही, हे त्या बडीशेपेच्या कायद्याच्या गोष्टीतून मला नीट समजलं, म्हणून ती जरा सविस्तर सांगते.

युरोपचा पहिला सेंद्रिय कायदा १९९१ चा, दुसरा २००७ चा. मार्च २०१४ मध्ये कमिशनने तिसऱ्याचा मसुदा आणला आणि त्यात एक कलम असं होतं की कीटकनाशकाचा अंश अमुक मर्यादेच्या वर सापडला तर तो माल सेंद्रिय म्हणून विकायचाच नाही, आणि ती मर्यादा कशाच्या धर्तीवर, तर तान्ह्या बाळांच्या आहाराला लावतात त्या. ग्राहक म्हणून ऐकलं तर वाटतं, काय चुकलं, सेंद्रिय आहे ना मग अंश नकोच. मीसुद्धा नवीन असताना एका ट्रेनिंगमध्ये हेच बोलले होते आणि शेजारी बसलेल्या एका इन्स्पेक्टर बाईंनी मला शांतपणे विचारलं, शेतकऱ्याने फवारलं नाही तरी त्यालाच शिक्षा का?

सगळा प्रश्न इथेच आहे. सेंद्रिय म्हणजे शेवटी लॅबच्या बाटलीत काय सापडलं ते, की शेत कसं केलं ते? चळवळ पहिल्यापासून म्हणत आली की कसं केलं ते. माती कशी सांभाळली, पिकांची फेरपालट केली का, जनावरं कशी ठेवली, बी कुठलं वापरलं. लॅबमध्ये अंश शून्य आला म्हणून माल सेंद्रिय ठरत नाही, मातीशिवाय नुसत्या पाण्यात वाढवलेल्या हायड्रोपोनिक सॅलडमध्येही शून्य येऊ शकतो. आणि अंश सापडला म्हणून तो आपोआप बिगर-सेंद्रियही ठरत नाही, कारण हवा, पाणी, आधीच्या पिढीने मातीत घातलेली औषधं यावर आज शेत करणाऱ्याचा ताबा नसतो. मर्यादेचं ते कलम तसंच गेलं असतं तर शेजाऱ्याच्या फवारणीचा भुर्दंड सेंद्रियवाल्याने भरायचा, आणि ज्या भागात सगळीकडे फवारणी होते तिथे नव्याने सेंद्रिय व्हायची कुणाची हिंमतच झाली नसती.

या कलमाला आयफोमच्या युरोप शाखेने ठाम विरोध केला आणि तो शेवटपर्यंत सोडला नाही. तीन वर्षांहून जास्त वाटाघाटी चालल्या, जून २०१७ मध्ये तडजोड झाली, २०१८ मध्ये कायदा छापून आला, २०१८/८४८ हा त्याचा नंबर, आमच्या ऑफिसमध्ये तो नंबर प्रत्येकाला पाठ आहे. त्यात युरोपभर लागू होणारी आपोआप बाद करणारी मर्यादा नाही. ज्या देशांकडे स्वतःची मर्यादा आधीपासून होती त्यांना ती ठेवता आली, हा तडजोडीतला कच्चा दुवा, त्यामुळे एकाच लॉटचा निकाल दोन देशांत दोन प्रकारे लागू शकतो. पण मुख्य नियम असा की संशय आला तर लॉट थांबवा, चौकशी करा, मंजूर नसलेलं औषध वापरलं किंवा काळजी घेतली नाही असं निघालं तरच बाद करा. आमची बडीशेप याच नियमाखाली सुटली. सात आठवड्यांचं भाडं गेलं, एका गिऱ्हाईकाने ऑर्डर कॅन्सल केली, ते सगळं खरं. पण ज्याने दोन वर्षं कन्व्हर्जनमध्ये, म्हणजे रासायनिककडून सेंद्रियकडे येण्याच्या काळात, काढली, कमी भावात माल विकला, त्या शेतकऱ्याच्या कपाळावर फसवणुकीचा शिक्का बसला नाही.

कायदा लागू व्हायचा होता जानेवारी २०२१ पासून. मध्ये कोविड आला, इन्स्पेक्शन बंद, आणि अंमलबजावणीचे पोटनियम तर अजून लिहूनच झाले नव्हते. इथेही शिखर संस्थेने एक वर्ष पुढे ढकला म्हणून मागणी लावून धरली आणि ते १ जानेवारी २०२२ झालं. बातम्यांमध्ये या एक वर्षाला दोन ओळी मिळाल्या असतील, पण आमच्यासारख्या छोट्या कंपनीला त्या वर्षाने वाचवलं, लेबलं, सप्लायरचे करार, सगळं नव्याने करायचं होतं आणि माणसं आम्ही तीनच.

रोजच्या सर्व्हिसचं थोडक्यात. नवीन कायद्याचं साध्या भाषेतलं स्पष्टीकरण, पोटनियम बदलला की सदस्य संघटनांना सूचना, आणि अंश सापडल्यावर काय करायचं, चौकशी कशी करायची यावरची मार्गदर्शनं. कायद्याचा मूळ मजकूर वाचून डोकं उठलं की मी आधी हे उघडते. मजकूर बराचसा इंग्रजीत असतो, माझं भागतं, शेतकऱ्याचं भागत नाही, त्याच्यापर्यंत ते त्याच्या देशातल्या संघटनेने भाषांतर करून पोचवायचं असतं आणि ही साखळी कुठे घट्ट आहे, कुठे अगदीच सैल. वर्षाला एक युरोपियन ऑरगॅनिक काँग्रेस असते, धोरणावर काम करणाऱ्यांसाठी चांगली, छोट्या कंपनीच्या माणसाने प्रवासखर्च करून जावं अशी नाही.

त्यापेक्षा फेब्रुवारीत न्यूर्नबर्गला सेंद्रिय मालाचं बायोफाख प्रदर्शन भरतं तिथे या लोकांना गाठा. तिथेच मला जर्मनीच्या फ्रँकोनिया भागातला एक द्राक्षवाला भेटला, साठीच्या पुढचा, स्वतःची वाइन करणारा, आणि त्याचा गंधकाचा किस्सा मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते. युरोपियन युनियनला कीटकनाशकांचा वापर आणि धोका निम्म्यावर आणायचा होता, जून २०२२ मध्ये तसा कायदा सुचवला गेला. सेंद्रियवाले खूश व्हायला हवेत ना? पण कमी झालं हे मोजणार कसं, तर त्या मोजपट्टीत किती किलो विकलं याला मोठं वजन. सेंद्रिय द्राक्षवाला भुरी या बुरशीच्या रोगासाठी गंधक मारतो, ते हेक्टरी किलोंमध्ये लागतं. रासायनिक औषध काही ग्रॅममध्ये काम करून जातं. म्हणजे त्या कागदावर हा म्हातारा जास्त धोकादायक आणि शेजारचा कमी! तो मला म्हणाला, "बाईसाहेब, मी चाळीस वर्षं गंधक मारतोय, माझ्या बागेत गांडुळं आहेत, या आणि मोजा." शिखर संस्थेने या कायद्याला पाठिंबा दिला आणि त्याच वेळी ही मोजपट्टी चुकीची आहे हेही ठणकावून सांगितलं, जितकी सेंद्रिय शेती वाढेल तितका धोका कागदावर वाढलेला दिसेल हे आकड्यांनी मांडलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, की आपल्याला सोयीचा नाही म्हणून अख्खा कायदाच पाडा असं ते म्हणाले नाहीत. कायदा शेवटी पडलाच, नोव्हेंबर २०२३ मध्ये पार्लमेंटने फेटाळला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आंदोलन करणाऱ्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रस्त्यावर असताना कमिशनने तो मागे घ्यायचं जाहीर केलं. तिथे आपलं छप्पर लहान पडलं, हे कबूल करायला पाहिजे. ब्रुसेल्समध्ये पारंपरिक शेतकऱ्यांची आणि सहकारी संस्थांची कोपा-कोगेका नावाची जी मोठी शिखर संस्था आहे तिच्या आवाजापुढे सेंद्रियचा आवाज अजून बारीकच आहे.

बारीक का, तर जमीनच किती आपल्याकडे. २०२२ मध्ये युनियनमधली १६.९ दशलक्ष हेक्टर सेंद्रियखाली होती, एकूण शेतजमिनीच्या १०.५ टक्के. आणि मे २०२० मध्ये जाहीर झालेलं टार्गेट २०३० पर्यंत २५ टक्के. ऑस्ट्रिया पंचविशीच्या पुढे गेलाय, माल्टा एक टक्क्याच्याही खाली. टार्गेट जाहीर झालं तेव्हा सगळीकडे टाळ्या पडल्या, पण ही संस्था तेव्हापासून एक गोष्ट सतत बोलत आलीय जी मला व्यापारात रोज दिसते, की नुसती जमीन वाढवून चालणार नाही, घेणारा वाढला पाहिजे, नाहीतर भाव कोसळतो आणि शेतकरी परत रासायनिककडे जातो. २०२२ मध्ये महागाई आली तेव्हा ते दिसलंच, विक्री घसरली, आमच्याकडेही चहाच्या ऑर्डरी रोडावल्या. यावर त्यांचं उत्तर सरकारी स्वयंपाकघरं, म्हणजे शाळा, हॉस्पिटल, वृद्धाश्रम. कोपनहेगनच्या सार्वजनिक स्वयंपाकघरांत जवळपास ९० टक्के माल सेंद्रिय आहे आणि तो साध्य केला मुख्यतः आचाऱ्यांना शिकवून, वाया जाणारं अन्न कमी करून, मांस कमी आणि हंगामी भाजी जास्त करून. मार्च २०२१ च्या सेंद्रिय कृती आराखड्यात सरकारी खरेदीचा मुद्दा आला, याचं मला खरंच समाधान आहे, कारण एका शहराच्या शाळांनी बडीशेपेचा चहा घेतला तर आमचं वर्ष निघतं.

जीन एडिटिंगचा, म्हणजे बियाण्याच्या जनुकांत नेमका बदल करण्याचा, विषय लांबलचक आहे, तो इथे पूर्ण काढत नाही. जुलै २०१८ मध्ये युरोपच्या कोर्टाने सांगितलं की असं बियाणं जीएमच्या, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या, कायद्यातच येतं, जुलै २०२३ मध्ये कमिशनने बऱ्याचशा प्रकाराला त्यातून मोकळं करायचा प्रस्ताव आणला. शिखर संस्थेची भूमिका स्पष्ट आहे, सेंद्रियमध्ये ते नको आणि बियाण्यापासून ताटापर्यंत माग काढता आला पाहिजे, नाहीतर आम्हाला नको ते आमच्याकडे आलंय हे कळणार कसं. शंभर टक्के सहमत.

आता जिथे माझं मन भरत नाही तो भाग. आमचे मसाले ज्या शेतकऱ्यांकडून येतात ते युरोपात नाहीत, आणि कायदा त्यांनाही तोच. नव्या कायद्यात छोट्या शेतकऱ्यांच्या गटाला एकत्र सर्टिफिकेट मिळतं, पण अटी अशा की एका गटात जास्तीत जास्त २००० सदस्य, प्रत्येकाची जमीन ५ हेक्टरच्या आत, नाहीतर उत्पन्न आणि सर्टिफिकेशनच्या खर्चाची वेगळी अट, आणि गट स्वतः कायदेशीर संस्था हवा, निर्यातदाराच्या नावावर चालणार नाही. शेवटची अट मला आवडते, सर्टिफिकेट शेतकऱ्यांच्या हातात आलं. पण जिथे चार-पाच हजारांचे गट वर्षानुवर्षं नीट चालले होते ते फोडून दोन-तीन संस्था काढायच्या, प्रत्येकाचं वेगळं ऑफिस, वेगळे अंतर्गत इन्स्पेक्टर, वेगळी फी, हे ब्रुसेल्समध्ये बसून लिहायला सोपं आहे. शिखर संस्था युरोपची, तिचे मतदार युरोपचे, तिने आपल्या सदस्यांचं ऐकावं यात तिचा दोष नाही. जागतिक आयफोम आहे, ती बॉनला बसते, तिचं काम वेगळं चालतं. पण कायदा ब्रुसेल्सचा, त्याचा भार समुद्रापलीकडच्या माणसावर, आणि त्या टेबलावर त्याचं मत मोजलं जाईल अशी खुर्चीच नाही. आयफोमने २००५ मध्ये सेंद्रिय शेतीची चार तत्त्वं ठरवली, आरोग्य, परिसंस्था, न्याय्यता आणि काळजी. तिसऱ्याची आठवण मला इथे येते.

हर्बारिया या जर्मन कंपनीच्या केसनंतर तर हे अजून टोचतं. ४ ऑक्टोबर २०२४ ला युरोपच्या कोर्टाने निकाल दिला की बाहेरच्या देशातला माल समतुल्य नियमांवर मंजूर असला तरी युरोपच्या नियमांचं तंतोतंत पालन नसेल तर पॅकेटवर ते हिरवं पान लावायचं नाही. ताऱ्यांचं पान असतं ना, २०१० पासून इथे पॅकबंद मालावर सक्तीचं आहे, ते. न्यायाच्या दृष्टीने मला निकाल समजतो, दोन शेतकऱ्यांना दोन नियम आणि शिक्का एकच, हे बरोबर नाही. पण ग्राहक पान बघून उचलतो, आणि पान नाही म्हणजे माल हलका असं त्याला वाटणार. अशा वेळी शिखर संस्थेने दोन्ही बाजूंना धरून ठेवावं, इथल्या शेतकऱ्यालाही आणि तिथल्यालाही, अशी माझी अपेक्षा आहे.

तर पाचपैकी चार. तुमची कंपनी युरोपात ऑरगॅनिक माल बनवत किंवा आणत असेल तर तुमच्या देशातल्या संघटनेमार्फत या छपराखाली या, एकट्याने कायदा वाचत बसू नका, आणि नुसती वर्गणी भरून गप्प बसू नका, इंटरेस्ट ग्रुपच्या मीटिंगला तुमच्या संघटनेचा कोण माणूस जातो ते विचारा आणि त्याला तुमचे लॉट, तुमचे रिपोर्ट, तुमचे सात आठवडे आकड्यांसकट पाठवा. मी बडीशेपेची अख्खी फाइल आमच्या संघटनेला पाठवलीय, शेतकऱ्याच्या परवानगीने त्याच्या बांधाच्या फोटोसकट. गटांच्या सदस्यसंख्येबद्दलही एक पान जोडलंय. येत्या फेब्रुवारीत न्यूर्नबर्गला त्याचं काय झालं ते विचारणार आहे, आणि द्राक्षवाल्या आजोबांनाही भेटणार आहे, त्यांनी गांडुळं मोजायला बोलावलंय ते अजून राहिलंय.